साठेकाकांचं छत

साठेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते नमस्कार न करता थेट भिंतीकडे गेले. तळहात टेकवला, मग गाल टेकवला, डोळे मिटले. "ओल आहे," नाडी पाहिलेल्या वैद्यासारखे ते म्हणाले. "जपून राहा." मग बसले आणि माझं नाव विचारलं.

कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्या इमारतीत आम्ही बदलीवर आलेले भाडेकरू, काका मालक. सगळी नोकरी तिथंच भाड्याच्या घरांत काढून निवृत्तीनंतर त्यांनी हा ओनरशिपचा फ्लॅट घेतला होता. भिंतीत खिळा ठोकायचा तर ते स्वतः ठोकत, सुमतीकाकूंनाही हात लावू देत नसत. आणि नेमकं त्यांच्याच झोपायच्या खोलीचं छत गळायला लागलं. तेव्हापासून त्यांच्याशी काहीही बोला, गोष्ट पोपड्यांवर यायची. महाराष्ट्र मंडळातल्या एका साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या बापाला जावयाबद्दल एकच प्रश्न विचारला होता: राहतो तो मजला सगळ्यात वरचा आहे ना?

"वरून येतंय," हे त्यांचं पालुपद. वर लाहिडीबाई राहायच्या. सगळी इमारत त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची, पण त्यांच्याकडे जायचं कुणी नाही. नक्षलवाद्यांच्या धरपकडीच्या त्या काळात तरुण मुलगा घरी उशिरा आला तरी आया जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. माशीमांच्या एकुलत्या एका मुलाला, खोकनला, तर जीपमधून आलेली माणसं भर दुपारी घेऊन गेली होती. कुठे नेलं, कुणी सांगेना. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. काकाही तक्रार सेक्रेटरीकडेच करत.

अखेर सोसायटीनं वरचं न्हाणीघर खणायला परवानगी दिली. काका गवंडी घेऊन निघाले. इतकी वर्षं राहूनही ते बंगाली बोलायचं टाळत; माझं बरं म्हणून मलाही नेलं, पुढे बोलायला.

न्हाणीघरात फुटलेलं काहीच नव्हतं. नळ सोडलेला होता. बादली भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यावरून खोलीत पसरलं होतं. खुंटीला इस्त्रीचा पायजमा-कुर्ता आणि कोरा गमछा.

"खोकन आला की आधी आंघोळ मागतो," माशीमा शांतपणे म्हणाल्या. "पाणी तयार नसलं की रागावतो."

काका पाण्यातून आत गेले, नळ बंद केला. मग गवंड्याला म्हणाले, काही बिघाड नाही, तू जा. सेक्रेटरीलाही त्यांनी तेच सांगितलं, गळती थांबली म्हणून.

ती थांबली नव्हती. माशीमा नळ सोडूनच ठेवत. एकदा गिलाव्याचा मोठा तुकडा पलंगावर पडला. तेव्हा काकूंनी अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं.

खोकनचा पत्ता लागला नाही. आमची बदली झाली, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, पाणी यायची वेळ झालीय, वर असतील.

वर गेले. न्हाणीघरात काका स्टुलावर बसले होते, हात नळावर. माशीमा शेजारी भिंतीला टेकून उभ्या. मला पाहून त्यांनी काकांनाच विचारलं, "आज येईल ना?"

"बादली भरू या," काका बंगालीत म्हणाले.