राख मागणारे भैरूमामा

भैरूमामा भाताचं पान गालावर घासून बघायचे. गाल खरचटला की खूश. "रगत आलं! आता हे पीक पडत न्हाई." नाही खरचटला तर शेतमालकाकडे सुतकी तोंडानं बघायचे. "लोणी हाय रं, लोणी."

मामा आमचे शेजारी. एकटेच. तुसाची राख घातली की भाताची काडी काटक होते, वाऱ्याला आणि किडीला दाद देत नाही, असं त्यांचं ठाम मत. गावात चुलीत तूसच जळायचं, म्हणून रोज सकाळी बुट्टी घेऊन दारोदार. "राख हाय काय? काल काय शिजवलंसा?"

राख न्यायला आलेल्याला काय शिजलं ते कशाला हवं, म्हणून गाव हसायचं. पोरं राखेनं दात घासताना दिसली की मामा ओरडायचे, "दात पडलं तर पडूंदे रं, पीक पडता कामा न्हाई!"

सासूबाई म्हणायच्या, "भैरू, मी मेल्यावर माझीबी राख न्हे."

"तुझी नको, म्हातारे. पीक भांडकुदळ हुईल."

मी लाजरी. राखेचं सूप उंबऱ्यावर ठेवून आत पळायची. काय शिजलं ते कधी सांगितलं नाही.

एका वर्षी आमच्या ह्यांनी शेतात युरियाचं पांढरं खत घातलं आणि ते लाकूडतोडीला जंगलात गेले. भात असं गर्द वाढलं की लोक बांधावर थांबून बघायचे. मामाही आले. पान एका गालावर घासलं, मग दुसऱ्या. "सूनबाई, लोणी. वारं सुटलं की आडवं."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. वर्षभर पोरांच्या पोटाला तेवढंच भात होतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर मामा आमच्या शेतात. स्वतःच्या शेतासाठी साठवलेली सगळी राख मुठीमुठीनं फेकत होते.

"भैरू, राख फासून गोसावी झालास काय रं?" सासूबाई ओरडल्या.

"व्हय, भिक्षा तुझ्याच दारात मागतो न्हवं!"

लोंब्या भरल्या आणि वारापाऊस आला. आमचं भात वाकलं, पण उभं राहिलं. मामांचं चिखलात झोपलं. ते आडव्या काड्यांचं एकेक चूड उचलून बांधत होते. मी मदतीला गेले, आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मामा, सगळी राख आमच्यात का घातलीसा?"

"तुझ्यात खाणारी तोंडं हाईत. माझ्या चुलीला राख पडंल येवढं शिजतंय कुठं?" मग खाली बघूनच म्हणाले, "काल काय शिजवलंस?"

"कुळथाचं सार."

"मीठ बरोबर पडलंतं?"

"व्हय."

"मग झालं," म्हणून त्यांनी पुढचं चूड उचललं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दारात गेले. सुपात राख, वाटीत सार. मामांनी आधी राख घेतली. मग वाटीकडे बघत राहिले.

"पोरी, काय शिजवलं ते नुसतं सांगायचं असतंय गं," म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून जेवायला बसले.