अप्पांचा बारावा महिना

आमच्या घरमालकांना, म्हणजे अप्पांना, भाडेकरूचा बारावा महिना सहन होत नाही. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानात जन्म गेला, पण अकलेचं पोतं कायम रिकामं.

दर अकरा महिन्यांनी ते आम्हाला घर खाली करायला लावत. कागदोपत्री नव्हे, खरोखर. कपाट, गॅस, देव, लोणच्याची बरणी, सगळं गल्लीत. मग दाराला कुलूप घालून अप्पा खुर्ची टाकून तासभर बसत आणि तीच किल्ली पुन्हा माझ्या हातावर ठेवत.

"सलग राह्यलं की भाडेकरू मालक होतो, सर. कायदा हे!"

कोणता कायदा, हे विचारायची सोय नव्हती. ओळखीचे रिक्षावाले थांबून विचारत, "सर, बदली झाली का?"

भिंतीत खिळा ठोकला तरी हा माणूस धावत वर येई. "कब्जा करून राह्यले का?" शेजाऱ्यांशी नालीवरून भांडण, सख्ख्या भावाशी कुंपणावरून. असल्या माणसाबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं.

यंदा कुणीतरी त्यांना समजावलं, की करार ऑनलाइन नोंदवला की घर कुठं जात नाही, सामान काढायचीही गरज नाही. अप्पा हरखले. मी त्यांच्याहून जास्त.

नोंदणीवाले गृहस्थ लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीत आले. फोटो झाले, अंगठे झाले. "आता दोन साक्षीदार बोलवा. तुम्हाला ओळखणारे. त्याशिवाय करार होत नाही."

अप्पांनी फोन काढला. एकानं उचलला नाही. दुसऱ्यानं 'कामात आहे' म्हणून ठेवून दिला. मग अप्पा नुसतीच नावं वरखाली करत राहिले. मनात म्हटलं, बरी जिरली!

"सर," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडचेच दोघं घ्या ना. मला ओळखतो म्हणणारं कोणी न्हाई."

मला हसू यायला हवं होतं. उलट माझीच मला लाज वाटली.

बायको पदराला हात पुसत पुढं आली. "मी हे ना, अप्पा. अन् वाटूरहून भावाला बोलावते. दर वेळी आमचं सामान तोच उतरवतो. तो तर तुम्हाला बराबर ओळखतो."

"येऊ द्या सावकाश. जल्दी न्हाई," अप्पा म्हणाले. मग पाच वर्षांत पहिल्यांदाच ते आमच्या पलंगावर टेकले आणि त्यांनी चहा मागितला.