चोराचं पाकीट

हरिदासअण्णांनी बाजीरावच्या पलंगावर दोन वस्तू मांडल्या. एक कमरेला बांधायची खाकी कापडी पिशवी, आणि दुसरं दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं फुगलेलं तपकिरी पाकीट.

“ह्यात पासपोर्ट,” पिशवीवर बोट ठेवून अण्णा म्हणाले. “आन् हे चोराचं.”

बाजीरावने मान डोलावली. शुक्रवारची सकाळ होती. दोह्याच्या अल हिलाल भागातल्या त्या दोन खोल्यांत एरवी चार वेल्डर राहत, पण आज तिघांना उजाडताच बाहेर काढण्यात आलं होतं, आणि फरशी इतकी घासली गेली होती की घरमालकालाही ती ओळखू आली नसती. कारण अण्णा साधेसुधे पाहुणे नव्हते. ते बबीताचे वडील होते. मुलगी द्यायची तर मुलगा राहतो तो मुलूख आपल्या डोळ्यांनी पाहायचा, म्हणून आले होते.

अण्णांची उभी हयात कराडकडे एसटीच्या कंडक्टरकीत गेली. गर्दीत भलत्या खिशाकडे निघालेला हात ते डुलकीतसुद्धा ओळखत. एकदा म्हणे त्यांनी असाच एक हात बरोबर पकडला आणि तो त्यांच्या मेव्हण्याचा निघाला. मशिनं आल्यावर भंगारात निघालेला तिकिटाचा पंच अजून त्यांच्या खिशात असे, आणि विचारात पडले की ते तो टिकटिक वाजवत. निवृत्तीनंतर त्यांना प्रवासाची चटक लागली. पूर्वी म्हातारी माणसं काशीला जात, हल्ली बाकूला जातात. तिथे काय आहे ते गेल्यावरच कळतं आणि आल्यावर सांगता येत नाही, पण व्हिसा लवकर मिळतो. अण्णांच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ती बाकूची सहल परतीच्या वाटेवर दोह्यात एक दिवस थांबली होती. रात्री आठचं विमान होतं. बाकीची मंडळी हॉटेलात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

संघाच्या व्हॉट्सॲप गटावर सहलीआधी महिनाभर परदेशातल्या धोक्यांचा रतीब चालू होता. अमुक शहरात अंगावर चटणी सांडतात आणि पुसता पुसता खिसा साफ करतात. तमुक शहरात फोटो काढून देतो म्हणून मोबाइल घेतात आणि जे पळत सुटतात ते पुढच्या देशातच थांबतात. चौऱ्याहत्तराव्या नियमात लिहिलं होतं की पाकिटं दोन बाळगावीत, एक आपलं आणि एक चोराला द्यायचं. अण्णांचं चोराचं पाकीट बबीताने भरून दिलं होतं. वर्तमानपत्राच्या घड्या, मुदत संपलेला वाचनालयाचा पास, इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठ्या. ते घेऊन अण्णा अकरा दिवस परक्या शहरांतून हिंडले, पण एकाही चोराने त्यांची दखल घेतली नाही. हे त्यांना जरा लागलंच होतं.

“आज हे पाकीट मी तीन ठिकाणी ठिवणार,” अण्णा म्हणाले. “तिन्ही डाव राहिलं, तर मुलूख पास. गेलं, तर बबीताचा विषय संपला. तुला सांगून करतोय. मागनं म्हणू नको फसवलं.”

“आन् मुलगा?” बाजीरावने धीर करून विचारलं.

“मुलग्याचं नंतर बघू. आधी रस्ता बघायचा, मग गाडी.”

बाजीराव रास लफानच्या गॅस कारखान्यात पाइप वेल्डर होता आणि नुकताच फोरमन झाला होता. म्हणजे आता त्याला बायको इथे आणता येणार होती. फक्त बायको असायला हवी होती. बबीताला त्याने एकदाच पाहिलं होतं, अकरा वडीलधाऱ्यांच्या गराड्यात. चहात साखर बरोबर आहे का, असं तिने विचारलं आणि हा “बरोबर आहे” म्हणाला. चहात साखर नव्हतीच. ते दोघांनाही माहीत होतं, आणि ती हसली होती. त्या एका हसण्यावर गड्याने चार महिने वेल्डिंग केलं. नंबर मागितला तेव्हा अण्णांनी, ठरल्याशिवाय नंबर नाही, असं बजावलं होतं.

हिंडायला गाडी फजलची होती. फजल श्रीवर्धनचा, बाजीरावचा आठ वर्षांचा दोस्त. एका कंपनीची गाडी चालवायचा आणि शुक्रवारी ती त्याच्याच ताब्यात असे. अण्णा मागे ऐसपैस बसले. गाडी कुठेही थांबली की ते जुन्या सवयीने पुढच्या दोन्ही सीटांवर नजर फिरवत, कुणाचं काही राहिलं का बघत. स्वतःच्या सीटकडे मात्र बघत नसत. कंडक्टरची सीट कंडक्टरचीच असते. तो उतरला तरी त्याला परत तिथेच येऊन बसायचं असतं.

पहिला डाव चहाच्या दुकानात झाला. करक म्हणतात त्या घट्ट मसाला चहाचे तीन पेले संपवून अण्णांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि तिघे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. टेबल पुसणारा आला. त्याने पाकीट उचललं, खालची जागा पुसली, पाकीट पुसलं आणि होतं तिथे ठेवून दिलं. पुढची वीस मिनिटं माणसं त्या टेबलावर येऊन चहा पिऊन गेली, पाकिटाला पाहुण्यासारखी मानाची जागा ठेवून.

“नोकरीचा माणूस,” अण्णा म्हणाले. “भ्याला असंल.”

दुसरा डाव कॉर्निशवर, समुद्राकडे तोंड केलेल्या बाकावर. पाकीट ठेवून अण्णा पंचवीस पावलंही गेले नसतील, तोच एक फिलिपिनो जोडपं हाका मारत मागे लागलं. अण्णांनी चाल वाढवली. जोडप्याने चपला हातात घेतल्या. दोह्याच्या त्या किनाऱ्यावर आजवर पुष्कळ शर्यती झाल्या असतील, पण पाकीट टाळण्यासाठी धावणारा म्हातारा आणि ते देण्यासाठी धावणारं जोडपं अशी ती बहुधा एकमेव. शेवटी बाईने अण्णांना गाठलं, पाकीट त्यांच्या हातात ठेवलं आणि धापा टाकत त्यांनाच थँक्यू म्हणाली.

“नवरा-बायको हुती,” घाम पुसत अण्णांनी निकाल दिला. “एकमेकाच्या धाकानं आणून दिलं.”

मग फजल जुम्म्याच्या नमाजाला जाऊन आला. जेवणात पापलेट होतं आणि अण्णांनी संकोच केला नाही. इतका केला नाही की गाडीत बसल्यावर त्यांना पँटचा पट्टा आणि पिशवीची नाडी दोन्ही सैल करावी लागली.

तिसरा डाव सूक वाकिफच्या बाजारात, चार वाजता. त्या दिवशी बंदराला पर्यटकांचं भलंमोठं जहाज लागलं होतं आणि बाजारात जगातल्या यच्चयावत देशांची माणसं कबुतरांना दाणे टाकत होती.  दोह्याच्या माणसांची बाजीरावला खात्री होती. जगाची नव्हती. अण्णा मसाल्यांच्या पोत्यांत रमले आहेत असं पाहून तो फजलच्या कानाला लागला. अण्णा पाकीट ठेवतील, दुसऱ्या कुणी उचलायच्या आत तू उचल आणि गाडीत जाऊन बस. मी नंतर सांगेन, एका भल्या माणसाने आणून दिलं म्हणून.

आता, फजलने जन्मात कधी काही चोरलं नव्हतं, आणि तेच नडलं. सरळ जाऊन उचललं असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग आकाशात. मग शीळ घालत तो अण्णांनी ओट्यावर ठेवलेल्या पाकिटावर जाऊन बसला. मग ते सदऱ्यात कोंबून असा निघाला की चौकातली सगळी कबुतरं एकदम उडाली.

खांबाआडून अण्णा पाहत होते.

“तुझाच दोस्त,” ते शांतपणे म्हणाले. तीस वर्षांत प्रथमच त्यांचं पाकीट मारलं गेलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, दुःख नव्हतं. बाजीरावच्या तोंडून शब्द निघायच्या आत ते कोपऱ्यावरच्या पोलिसासमोर उभे होते आणि एसटीच्या हिंदीत तक्रार सांगत होते.

पोलिस तरुण आणि सभ्य होता. पाकिटात काय होतं, असं त्याने विचारलं. काही नव्हतं, असं अण्णांनी सांगितलं. मग ते का ठेवलं? चोरीला जावं म्हणून. मग तक्रार काय? गेलं, ही. पोलिसाने हे सगळं दोनदा ऐकलं, वही काढली आणि चोराला ओळखता का म्हणून विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं. बाजीरावला एका बाजूला चार महिन्यांपूर्वीचं ते हसणं दिसलं आणि दुसऱ्या बाजूला फजलची नोकरी, आणि श्रीवर्धनला त्याच्या पैशांवर शिकणाऱ्या दोन बहिणी. तो पुढे झाला.

“फजलनं चोरलं न्हाई, अण्णा. मी उचलायला सांगितलं हुतं. तुमची परीक्षा हुती, मी कॉपी केली.” आणि तेच त्याने पोलिसाला हिंदीत सांगितलं.

 अण्णांचा हात खिशातल्या पंचावर गेला, पण पंच वाजला नाही.

पोलिसाने विचार करून पाहिला. रिकामं पाकीट चोरीला जावं म्हणून ठेवलं, आणि जाऊ नये म्हणून चोरलं. त्याने वही मिटली आणि बाबांचा पासपोर्ट तेवढा दाखवा, म्हणाला. अण्णांचा हात कमरेला गेला. मग दुसऱ्या बाजूने गेला. मग दोन्ही हात कमरेभोवती एकमेकांना भेटले, आणि मध्ये काहीच नव्हतं.

पावणेपाच झाले होते. बाजीरावने फजलला फोन लावला. नमाजाच्या वेळी मुका केलेला फोन फजलने अजून बोलता केला नव्हता. सात वेळा घंटी गेली. अण्णा पोलिसाच्या खुर्चीवर बसले आणि एकदम सत्तर वर्षांचे दिसायला लागले, जे ते होतेच. बबीताला काय सांगू, एवढंच ते दोनदा म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून फजल आला. एका हातात तपकिरी पाकीट, दुसऱ्या हातात खाकी पिशवी.

“हे मागच्या सीटवर लोळत होतं,” तो म्हणाला. “अण्णा, यातलं चोरायचं कुठलं ते एकदा नीट सांगून ठेवा. माझा घोटाळा होतोय.”

पोलिसाने पासपोर्ट पाहिला, अण्णांना सलाम केला आणि पुढच्या वेळी खरं पाकीट बिनधास्त बाहेर ठेवा, ते जास्त सुरक्षित राहील, असा सल्ला दिला.

गाडी विमानतळाकडे निघाली. बाजीराव समोरचा रस्ता पाहत होता आणि तो रस्ता त्याला कराडला जाताना दिसत नव्हता. मागे कागदांची खसखस ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही, मग एकच ‘टिक’.

दारापाशी अण्णा उतरले. वाकून त्यांनी पुढच्या दोन्ही सीटा तपासल्या. फजलच्या पाठीवर हात ठेवला. मग बाजीरावकडे वळले.

“तीस वर्षं गाड्या तपासल्या. पण बिनतिकिटाचा माणूस आपणहून उभा राहून ‘मी बिनतिकिटाचा’ म्हणाला, असं कधी बघितलं न्हाई.” त्यांनी चोराचं पाकीट त्याच्या हातात दिलं. “हे ठेव. ज्याचं त्याला पोचलं म्हंजे झालं.”

हा पास की नापास, ते बाजीरावला कळेना. अण्णा काचेच्या दारातून आत दिसेनासे झाल्यावर त्याने गाडीत बसून पाकीट उघडलं. वर्तमानपत्राच्या घड्या, वाचनालयाचा पास, आणि सगळ्यांत आत एक चिठ्ठी. दोह्यात ती कुणा परक्याने वाचली नव्हती, कारण दोह्यात पाकीट कुणा परक्याने उघडलंच नव्हतं.

‘चोरमहाशय, नमस्कार. यात काही नाही, राग मानू नये. हे चोरीला जावं अशी आमच्या अण्णांची फार इच्छा आहे. मिळाल्यावर खालच्या नंबरवर कळवावं, म्हणजे आम्ही सुटलो. आपली, बबीता.’

खाली नंबर होता. आणि नंबरशेजारी, चिठ्ठीच्या कोपऱ्यात, तिकिटाला पाडतात तसं ताजं गोल भोक होतं.

बाजीरावने नंबर फिरवला.

“कोण बोलतंय?”

“चोर,” बाजीराव म्हणाला.



“बिनसाखरेच्या चहावाले का?” ती म्हणाली, आणि हसली. “मग एक काम करा. अण्णांची सीट बघा. ते स्वतःची कधी बघत न्हाईत.”

बाजीराव मागे वळला. मागच्या सीटवर तिकिटाचा पंच पडला होता. तो परत द्यायला आता कराडला जाणं भागच होतं.