खुलासा तीन दिवसांत द्यावा

इंदूरला आमच्या रामबागेत एक गृहस्थ असे होते, की त्यांच्या ओट्याशी उभे राहून दोन शब्द बोलणाऱ्याला त्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागे. त्यांचे नाव त्रिंबकराव हिंगवे. ते कचेरीत कारकून होते. होळकर सरकार जाऊन मध्यभारत सरकार आले, कचेरीच्या दारावरची पाटी बदलली. त्रिंबकरावांचे टेबल मात्र बदलले नाही.

त्यांचे घर माझ्या घरासमोर. मला आलेला पहिला कागद असा होता : "विषय : वेळेचा अपव्यय. आपण काल सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या ओट्याशी थांबून नळाच्या पाण्यासंबंधी संभाषण केलेत. त्यात अभ्यासाची वीस मिनिटे खर्ची पडली. खुलासा तीन दिवसांत द्यावा." वर जावक क्रमांक, खाली लफ्फेदार सही.

मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनीही माझ्याकडे कधी खुलासा मागितला नव्हता. मी कागद फाडला. चौथ्या दिवशी स्मरणपत्र आले.

असे कागद दूधवाल्याला गेले, शिंप्याला गेले, सत्यनारायणाची कथा लांबवणाऱ्या भटजींना गेले. देवासहून मेहुणी दोन दिवस राहायला आली, तिला निघताना टांग्यात बसल्यावर कागद मिळाला. शिवाय प्रत्येक कागदाची एक प्रत माझ्याकडे येई. तळाशी लिहिलेले असे, "प्रत : मास्तरजी यांना माहितीसाठी." मला ही माहिती नको होती. तसे मी त्यांना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितल्याबद्दल मला कागद आला.

त्रिंबकराव मॅट्रिक नव्हते. नव्या राजवटीत बिनमॅट्रिक माणसाला बढती नाही, हे ठरून गेले होते. त्यामुळे चाळिशीला टेकलेला हा माणूस बाहेरून परीक्षेला बसणार, असे त्याने आळीत जाहीर केले. दारावर फळी लागली : "सायंकाळी ६ ते ८ अभ्यास. आत येऊ नये." त्या वेळात त्यांच्या मातोश्री, माई, राममंदिरात पुराणाला जात आणि जाताना दोन्ही मुलांना बरोबर नेत. त्रिंबकराव ओट्यावर, बरोबर उंबऱ्याला आडवे, इतिहासाचे पुस्तक उघडून बसत.

"लोकांना शरम नाही, मास्तरजी," ते म्हणत. "कुणाचा पैसा उचलला तर चोरी. कुणाचा टाइम उचलला तर पाहुणचार. ये कोई बात हुई?"

तत्त्व मला मान्य होते. आचरण मान्य नव्हते. दसऱ्याला सोने द्यायला गेलो तेव्हा पुस्तकाचे एकेचाळिसावे पान उघडे होते. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हाही एकेचाळिसावेच. पुस्तकाच्या आड परातीत तांदूळ निवडणे चालू होते. मी विचारले, हा कोणता अभ्यास? त्यांनी पापणीही न हलवता उत्तर दिले, "अभ्यासाच्या वेळी सवाल करू नका."

मला संताप आला. कचेरीचे अर्धे दप्तर हिवाळ्यात ग्वाल्हेरला हलत असे. त्याबरोबर जाणाऱ्यांकडे वरिष्ठांचे लक्ष राही. त्रिंबकरावांनी अभ्यासाचे कारण सांगून जाणे टाळले. त्यांच्या मागून लागलेली दोन माणसे त्यांच्या पुढच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. आणि हे इकडे तांदूळ निवडत होते.

तरीही दर रविवारी ते माझ्याकडे गणिते तपासायला आणत. कचेरीच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर सोडवलेली असत. मी कठोरपणे तपासत असे. चुका कमी होत गेल्या. भूमिती तर इतकी नेटकी, की माझ्या वर्गातही तशी क्वचितच पाहिली. अक्षर मात्र बारीक, गोल. खुलासे मागणारे अक्षर लांब शेपट्यांचे होते. एका रविवारी कागदावर हळदीचे बोट उमटलेले दिसले. तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

"ही गणिते तुमची नाहीत."

"नाहीत."

लबाडी इतक्या सरळपणे कबूल करणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. मी बरेच बोललो. परीक्षेची फसवणूक, माझ्या वेळेची फसवणूक, त्या वीस मिनिटांचा तर विशेष उल्लेख केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आवाज जरा हळू, मास्तरजी. माई समोर आमच्या ओट्यावरच बसल्यात," ते म्हणाले. "हिची आहेत."

हिची म्हणजे सुशीलाबाईंची. मग कळले ते असे. आदल्या साली नवराबायको दोघांनी फॉर्म भरले होते. सुनेचा फॉर्म पाहून माईंनी दोन दिवस जेवण सोडले. ती परीक्षा दोघांनीही कशीबशी दिली, दोघेही नापास झाले. सुशीलाबाईंनी पुस्तके बांधून फडताळावर टाकली.

"मग मी बघितलं, तर घरात टाइम एकालाच पुरेल इतकाच होता. म्हटलं, तू बस. फॉर्म तुझा, आळीत नाव माझं राहू दे. शेजारणींनी आत डोकावलं की बात सीधी माईंपर्यंत जाते, म्हणून मी दारात."

"आणि तुमची बढती?"

"हेडक्लार्क होऊन काय करायचं? ग्वाल्हेरच्या पेट्याच बांधायच्या ना? तिला भूमिती आवडते, मास्तरजी. भूमिती कुणाला आवडते का कधी?"

हा प्रश्न मला आवडला नाही. पण त्या रविवारपासून मी गणिते जास्त काढून देऊ लागलो, आणि संध्याकाळी सहा ते आठ माझ्या खिडकीतून त्यांच्या ओट्यावर लक्ष ठेवू लागलो. शिंपी एकदा तिकडे वळला, त्याला मीच हटकले.

देवासला बहिणीकडे जाते असे माईंना सांगून सुशीलाबाईंनी परीक्षा दिली, आणि त्या पास झाल्या. आळीने त्रिंबकरावांचा नंबर शोधला, तो नव्हता. महिनाभर लोक हसले. त्यांनी कोणाकडेही खुलासा मागितला नाही.

पुढे सुशीलाबाईंना मानपूरला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. तेव्हा सारे उघड झाले आणि माईंनी पुन्हा जेवण सोडले. या खेपेस त्रिंबकरावांनी माईंनाही कागद दिला. त्यात काय होते ते मला ठाऊक नाही. त्याची प्रत मला आली नाही. तिसऱ्या दिवशी माई जेवल्या, आणि मुलांना घेऊन सुनेबरोबर मानपूरला जायला त्याच तयार झाल्या. एकट्या बाईने तिथे राहणे त्यांना पसंत नव्हते.

दर रविवारी सारी मंडळी मोटारीने इंदूरला येत. पुढे पावसाने दोन रविवार मोटार बंद राहिली. सोमवारी माझ्या दाराच्या फटीतून एक प्रत आत आली. मूळ कागद टपालाने मानपूरला गेला होता.

"विषय : वेळ. आपण गेल्यापासून घरात सायंकाळी सहा ते आठ, तसेच सकाळी व रविवारी, पुष्कळ वेळ शिल्लक राहत आहे. या वेळेचे काय करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. उत्तराची तीन दिवसांची अट नाही. प्रत : मास्तरजी यांना माहितीसाठी."

मी आजवर त्यांच्या एकाही कागदाला उत्तर दिले नव्हते. त्या संध्याकाळी सहा वाजता पायांत वहाणा घातल्या आणि समोर गेलो. फळी अजून दारावर होती. त्रिंबकराव उंबऱ्याला आडवे बसले होते. हातात पुस्तक नव्हते. ते सरकले. मी ओट्यावर बसलो आणि नळाच्या पाण्याचा विषय काढला. आठ वाजेपर्यंत तो पुरला.

खुलासा मागणारा कागद आला नाही.