मासोळीपर्यंतचे नखाते

नखातेकाका 'परवा' म्हणाले की आधी विचारून घ्यावं लागतं, कोणता परवा. त्यांच्या बोलण्यात दोन परवा असतात. एक तुमचा-माझा, कालच्या आधीचा. दुसरा सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा.

आम्ही या ले-आउटमधल्या घरात नवीन राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी सामान उतरवत होते. शेजारच्या फाटकातून एक उंच, वाकलेले गृहस्थ आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, परवा इथं लई मोठी आग झाली. हे सगळं खाक. आभाळ काळं झालं होतं." मी तशीच आत गेले आणि घरमालकाला फोन करून म्हणाले, वायरिंग तपासल्याशिवाय मी एकही स्विच दाबणार नाही. घरमालक हसायला लागला. "गुलाबराव नखाते भेटले वाटतं? ते ज्वालामुखीचं सांगत असतील. त्याच ज्वालामुखीनं डायनोसॉर मेले म्हणतात."

"मेले म्हणतात" हे काकांना पटलं नसतं. ज्वालामुखीनं किती मेले आणि आकाशातून पडलेल्या दगडानं किती, यावर ते एक तास बोलू शकतात. मी एकदा, गणित शिकवणारी असून, "साडेसहा कोटी वर्षं" म्हणाले. ते खुर्चीतून उठले.

"मधले दहा लाख कुठं ठेवले?"

"काका, अंदाजानं म्हटलं."

"मी चौतीस वर्षं मीटर वाचले, मॅडम. एक युनिट कधी अंदाजानं लिहिलं नाही."

काका वीजखात्यात मीटर रीडर होते. डायनोसॉर त्यांना एका मीटरखालीच सापडला. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात जिन्याखाली मीटर होता आणि त्याखाली रद्दी. रद्दीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. कव्हरवरचा प्राणी बघून काका रीडिंग घ्यायचंच विसरले. बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, न्यायचं तर न्या. काकांचं इंग्रजी तेव्हा 'डोअर लॉक्ड' लिहिण्यापुरतं होतं. डिक्शनरी घेऊन बसले आणि वर्षभरात ते पुस्तक संपवलं. त्यामुळे त्यांना इंग्रजीत 'कोथिंबीर' किंवा 'मेहुणा' म्हणता येत नाही, पण 'मांसाहारी, द्विपाद, पोकळ हाडांचा' हे एका दमात म्हणता येतं.

आता त्यांच्या घरात चारशेच्या वर पुस्तकं आहेत. डायनोसॉरची, जीवाश्मांची, दगडांची. आणि हे सगळं ज्यांनी शोधून काढलं त्या माणसांची. स्वयंपाकघरात डाळ-तांदळाच्या डब्यांमागे ज्युरासिक आहे. पलंगाखाली मासे आणि बेडूक. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात कोणी 'हा पसारा काढा' म्हणणारं नाही, म्हणून पुस्तकं खुशाल वाढली.

बहुतेक पुस्तकं सीताबर्डीच्या फुटपाथवरची. रविवारी मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. पुस्तकवाल्यानं काकांना लांबून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. एक बाई मुलासाठी रंगीत पुस्तक बघत होत्या. काकांनी मध्येच डोकं घातलं.

"हे दोघं भांडून काहून राहिले?"

"कोण?" पुस्तकवाला म्हणाला.

"हे कव्हरवरचे."

"डायनोसॉर हायत, काका. भांडतीलच."

"हा पाठीवर पाट्या असणारा मेला, त्याच्या आठ कोटी वर्षांनंतर हा दातवाला जन्माले आला. यांची भेट कुठं झाली गा? व्हेरायटी चौकात?"

बाईंनी पुस्तक खाली ठेवलं. पुस्तकवाल्यानं ते उचलून काकांच्या पिशवीत कोंबलं. "फुकट घेऊन जा, काका. फक्त गिऱ्हाइकासमोर बोलू नका." काकांची निम्मी लायब्ररी अशी झालेली आहे.

माझ्या नवऱ्याला ते एकदा सावजीच्या खानावळीत जेवायला घेऊन गेले. दोघांनी कोंबडी खाल्ली. मग काकांनी ताटात हाडं ओळीनं मांडली, पायाची तीन बोटं जुळवली आणि वाढणाऱ्याला बोलावलं. त्याला वाटलं तक्रार आहे. "बाबू," काका म्हणाले, "तुमच्या पाटीवर कोंबडी काहून लिहिलं? आम्ही आता डायनोसॉर खाल्ला. पक्षी म्हणजे डायनोसॉरच." नवरा म्हणतो, रस्सा तिखट होता म्हणून बरं झालं. डोळ्यात पाणी कशानं आलं ते कोणाला कळलं नाही.

पण काकांवर मात केली ती माझ्या सासूबाईंनी. काकांच्या बैठकीत कपाटावर एक गुळगुळीत, लांबट दगड आहे. सासूबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेल्या, तो दगड बघून त्यांनी हात जोडले, उचलून कपाळाला लावला. काका अदबीनं थांबले. सासूबाईंनी दगड जागेवर ठेवल्यावर म्हणाले, "आजी, ते शेण आहे. वरोऱ्याकडं पिसदुऱ्याले निघते. एका मास्तरनं दिलं."

"शेण? गाईचं?"

"डायनोसॉरचं. दगड झाला त्याचा. त्यात गवत सापडलं म्हणतात."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "गवत खाणाऱ्याचंच ना? मग चालतं," म्हणाल्या आणि पुन्हा नमस्कार केला. 

तर असे हे काका. ले-आउटमध्ये सगळे त्यांना हसत आणि त्यांच्याकडे जात. पण त्यांच्याकडे कोणी नातेवाईक आलेला मी कधी पाहिला नव्हता. दिवाळीत नाही, पोळ्याला नाही. काटोलजवळच्या गावी मोठा भाऊ आहे, संत्र्यांची बाग आहे, एवढं माहीत होतं. एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि सुरुवातीला तरी मजेत सांगितलं.

वडिलांची तेरवी होती. अंगण माणसांनी भरलेलं. मोठा भाऊ शेषराव बोटात दर्भ घालून पाटावर बसलेला. गळ्यात माळ, मासे-मटणाचं नाव घेत नाही असा माणूस. विधी सांगणाऱ्या महाराजांनी वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, पणजोबांचं विचारलं आणि थांबले.

मागून काका म्हणाले, "पुढं?"

"पुढं लागत नाही," महाराज म्हणाले.

"काहून लागत नाही? त्याच्यामागंही बाप होताच ना. त्याचाही बाप होता. त्याच्या मागं मागं जा महाराज, तर डायनोसॉरच्या टाइमाले बिळात लपून बसणारं एक केसाळ जनावर लागते, उंदरावाणी. त्यालेही पाणी द्या. त्याच्याही मागं जा…"

"कुठंवर?"

"मासोळीपर्यंत."

शेषराव पाटावरून उठला. "माया बापाले मासोळी म्हणतो?" एवढंच म्हणाला. काका न जेवता एसटीत बसले.

"अकरा वर्षं झाली," काका म्हणाले. इथपर्यंत ते हसत होते. मग चष्मा पुसायला लागले. "मॅडम, सांगितलं ते बरोबरच होतं. एक शब्द चूक नव्हता."

मी म्हटलं, "हो काका." दुसरं काय म्हणणार?

या फेब्रुवारीत एके सकाळी ते मोबाइल हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"गावावरून वत्सलावहिनीचा फोन होता. विहीर खोल करून राहिले. काळ्या गोट्याखाली पांढरा गोटा निघाला, त्याच्यात बारके बारके शंख आहेत म्हणे. मजूर फेकून राहिले होते, दादानं फेकू नाही दिला."

"मग तुम्हाला बोलावलं?"

"बोलावलं नाही. दादानं एवढंच म्हटलं, त्याले सांग, गोटा अंगणात ठेवला हाय." ते माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, हे बोलावणं आहे काय?"

"बोलावणंच आहे, काका."

"अंदाज नको. पक्कं सांगा."

"पक्कं."

रविवारी मी त्यांना आमच्या गाडीतून घेऊन निघाले. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसले होते.  कळमेश्वरपर्यंत रस्त्याकडेच्या खाणीतला काळा दगडसुद्धा त्यांनी नुसता जाऊ दिला. मग आपणहून म्हणाले, "तो इंग्लंडचा दाढीवाला साहेब होता ना, ज्यानं हे सगळं शोधलं. पाच वर्षं बोटीनं फिरला. मग घरी येऊन वीस वर्षं गप्प बसला. छापलंच नाही. बायको देवभोळी होती, तिले वाईट वाटंल, हेही एक कारण होतं म्हणतात." थोड्या वेळानं म्हणाले, "तो थांबला. मले दोन तास थांबता नाही आलं. पंगत उठेपर्यंत थांबलो असतो तरी झालं असतं."

गावात पोचलो. बागेत मृग बहराची संत्री तोडणीला आलेली, घराच्या ओसरीवर क्रेट रचलेले. अंगणाच्या मधोमध पोत्यावर तो गोटा ठेवलेला होता, धुऊन स्वच्छ केलेला. शेजारी शेषराव उभे. काकांसारखेच उंच, वाकलेले, फक्त उन्हानं जास्त रापलेले.

"आला?"

"आलो."

"पाह्य मंग."

काका उकिडवे बसले. खिशातून भिंग काढलं. शेषराव बागेकडे तोंड करून उभे राहिले, जणू झाडंच मोजतायत.  ओसरीवरून वहिनी मला डोळ्यांनीच म्हणाल्या, बसा.

"गोगलगायी आहेत, दादा. गोड्या पाण्यातल्या. विहिरीत याच्या खालचा काळा गोटा म्हणजे एक लाव्हा, वरचा दुसरा. मधात काही हजार वर्षं शांत गेली. तेव्हा इथं तळं होतं."

"इथं? माया वावरात?"

"तुया वावरात."

"आन पानी गोड?"

"एकदम गोड."

शेषरावांनी बागेवरून नजर फिरवली. "म्हनजे वावर पयलेपासून चांगलंच हाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. "चाल, च्या घे."

ओसरीवर चहा झाला. मला वाटलं, आता संत्री, पाऊसपाणी, कोणाचं लग्न, असं काहीतरी निघेल. पण काकांनी पिशवी उघडली. मी समजत होते त्यात कपडे असतील. आतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक लांब वही निघाली. मग दुसरी. मग तिसरी.

"दादा, मी लिहिलं आहे. तुयासाठी. तेरवीच्या दुसऱ्या दिवसापासून लिहून राहिलो."

वहीत पहिलीच्या पुस्तकात असतात तेवढी मोठी अक्षरं होती. एका पानावर पाच-सहा ओळी. जोडाक्षरं जमेल तिथं टाळलेली. इंग्रजी शब्द एकही नाही. मी वहिनींकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "हे चवथीत होते तवा शाळा सुटली. वावरात मानूस पायजे होता. मंग भाऊजींले शिकवलं."

स्वयंपाकघरातलं ज्युरासिक, पलंगाखालचे बेडूक, ते सगळे दाढीवाले साहेब या माणसानं वाचून काढले होते, आणि लिहिताना त्याच्यासमोर वाचक एकच होता.

शेषरावांनी चष्मा लावला, वही गुडघ्यावर घेतली आणि अक्षराखाली बोट ठेवलं. मोठ्यानं, एकेक अक्षर जुळवत वाचायला लागले.

"दा… दा. तु… झ्या बां… धावर बसून हे वाच. घा… ई करू नको. मी त्या दि… वशी घाई के… ली."

बोट तिथं थांबलं.  काका ओसरीच्या फरशीकडे बघत होते.

"पुढं हाय काय?" शेषरावांनी विचारलं.

"आहे ना. पुष्कळ आहे."

"गोष्ट फार जु… नी आहे. आनि आप… ल्याच घरातली आहे."

तिसऱ्या पानावर शेषराव एकदम गरजले. "हे काय लिवलं? संत्र्याचं कलम संत्र्याच्याच खुंटावर बांधते काय? जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधते! एवढं ठाऊक नाही आन चालला मासोळीवर लिवाले!"

 काकांनी खिशातून पेन काढलं, वही ओढून घेतली, ओळ खोडली. "सांग. जंबेरी. मंग? कलमाचा डोळा कवा भरते?" आणि शेषराव सांगायला लागले, काका लिहायला लागले. आवाज चढत गेले. मी उठून थांबवू की काय असं बघत होते, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, ताई. भांडू द्या. जेवाले बसा तुमी."

ऊन उतरल्यावर मी निघाले. काका फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्हा पुढं. दादा पाचव्या पानावर आहे." गाडीत मागच्या सीटवर वहिनींनी संत्र्यांचं पोतं ठेवलं होतं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. तिथल्या बातम्या त्यांनी एका दमात सांगितल्या. विहिरीला पाणी लागलं. शंखाचा गोटा वहिनींनी तुळशीजवळ मांडला आहे. पहिली वही संपायची आहे, त्यामुळे कधी येणार ते सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं, आम्ही घराकडे लक्ष ठेवतो. ते हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष फोनमध्ये नव्हतं. त्यांच्या मागे कोणीतरी मोठ्या आवाजात, अडखळत, अक्षरं जुळवत होतं. काका मध्येच थांबले आणि फोन तसाच कानाला ठेवून त्यांनी एक शब्द हळूच पुरवला.