आंदणात गेलेलं वाचनालय

कमलची बैलगाडी वेशीपलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा रतिलालने उपरण्याने डोळे पुसले, मांडवाकडे वळून पाहिले आणि पुन्हा डोळे पुसले. या वेळचे पुसणे वेगळ्या कारणासाठी होते. मांडवात आंदण मांडले होते तिथे आता फक्त जमीन उरली होती. हंडे, परात, समया हे सगळे जायचेच होते. पण त्यांच्या मधोमध ठेवलेली वाचनालयाची पुस्तकेही गेली होती, आणि पुस्तके ज्यावर मांडली होती ते टेबलसुद्धा.

दोष द्यायचा तर कोणाला? नवरदेव मॅट्रिक झालेला. कमलच्या सासरची, ब्राह्मणपुरीची माणसे खाऊनपिऊन सुखी. त्यांच्या डोळ्यांत भरावे असे रतिलालच्या घरात काय होते? गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा तो ग्रंथपाल, झाडूवाला आणि शिपाई असे सगळेच होता. आपली पोर पितळेवर नाही, पुस्तकांवर वाढली हे चार लोकांना दिसावे, एवढाच त्याचा मोह. म्हणून त्याने कपाटातली चांगल्या पुठ्ठ्याची पुस्तके दोन दिवसांपुरती मांडवात आणली. पण आंदणात मांडलेली वस्तू सासरची, हा रिवाज ब्राह्मणपुरीच्या बायकांना पाठ होता. त्यांनी गाडीत सगळे भरले. रतिलाल त्या वेळी लेकीला पोटाशी धरून उभा होता. गाडीत काय भरताहेत हे बघायला बापाला डोळे असतात कुठे?

परतणीला कमल माहेरी आली ती दिराला सोबत घेऊन, आणि त्याच्यादेखत रतिलालची जीभ उचलेना. दिलेले आंदण परत मागणारा बाप तापीच्या दोन्ही काठांवर कोणी पाहिला नव्हता. पहिला मान आपल्याला नको, असे त्याने ठरवले. कमल गेली. लेकी माहेरी येतात तो आखाजीचा सण तर लग्नाआधीच उलटला होता. आता थेट दिवाळी.

वाचनालय सुने झाले. खरे सांगायचे तर ते पुस्तकांवाचून कमी आणि कमलवाचून जास्त सुने झाले. आई गेल्यापासून ती पोर त्या खोलीतच वाढली. गावातली म्हातारी मंडळी दुपारी येऊन बसत आणि ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. दिल्लीची बातमीसुद्धा अशी वाचायची, की शेजारच्या गल्लीतले भांडण वाटावे. आता रतिलाल वाचू लागला, तर पहिल्याच मथळ्याला निम्मे श्रोते घोरू लागत. त्याला स्वतःलाही स्वतःचा आवाज ऐकवेना. त्याला तिची फार आठवण येई.

त्यात अध्यक्ष प्रेमचंदशेठ. शेठजी कापसाचे व्यापारी, पण जीव रहस्यकथांत. एका कथेचा पहिला भाग त्यांनी संपवला होता. खून झाला होता, खुनी सापडायचा होता.

"रतिलाल, दुसरा भाग कोठे शे?"

"बांधनीले धाडेल शे, शेठ. नंदुरबारले."

"आनि बाकीना पुस्तकं?"

"त्या बी बांधनीले."

शेठजींनी खोलीभर नजर फिरवली. म्हातारे पेपर मांडीवर पसरून बसले होते.

"टेबल बी बांधनीले गयं का?"

"त्याना पाय हालत व्हता, शेठ," रतिलाल म्हणाला, आणि त्याचेच पाय हालू लागले.

पुढच्या आठवड्यात शेठजी कापसाच्या कामाला नंदुरबारला गेले आणि बांधणीवाल्याकडे डोकावून आले. तिथे पुस्तके नव्हती. मग रतिलालने ती धुळ्याला पोचवली. शेठजींचे धुळ्यालाही काम निघणार असे कळताच मात्र तो घाबरला. एका सकाळी त्याने सायकल काढली, फिरकीचा तांब्या पाण्याने भरून हँडलला अडकवला आणि ब्राह्मणपुरीची वाट धरली.

तांब्याचे कारण असे, की त्यांच्याकडे लेकीच्या घरचे पाणी बाप पीत नाही. लेकीला मूल होईपर्यंत घोटसुद्धा नाही. वैशाखातले ऊन हा रिवाज ठरवताना बहुधा कोणी विचारात घेतले नव्हते. अर्ध्या वाटेतच तांब्या रिकामा झाला.

ब्राह्मणपुरीत व्याह्यांच्या दारी तो पोचला आणि सायकल धरून तसाच उभा राहिला. कमलचा आवाज येत होता. ओसरीवर गल्लीतल्या बायका कुरडया घालत होत्या, भिंतीशी वाचनालयाचे टेबल होते, टेबलावर ओळीने पुस्तके होती आणि डोक्यावर पदर घेऊन कमल मोठ्याने वाचत होती. तापीबाई नावाची एक म्हातारी सोऱ्या हातात धरून तशीच थांबली होती. राजाच्या मुलीचे काय झाले हे कळेपर्यंत तिच्या कुरडईला पुढे जायचे नव्हते. रतिलालला वाटले, या आवाजासाठी आपण उन्हात आणखी दोन गावे सायकल हाणली असती.

"या, याहीबुवा! आज कशी वाट चुकनात?" विहीणबाई अनुसयाबाईंनी विचारले. "पानी तं तुमले चालत नही. सावलीमा तरी बठा."

रतिलाल बसला. पुस्तके परत द्या, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि कोरड्या घशात परत गेले. पण बाप लेकीकडे उगाच आला म्हटले, तर गावभर चर्चा. काहीतरी काम सांगणे भाग होते.

"वाचाले एखादं पुस्तक भेटी का?" तो म्हणाला.

अनुसयाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "वाचनालयना मानूस आमना घर पुस्तक मागाले उना! कमल, तुन्हा आबाले दे वो एक."

कमलने वर पाहिले नाही. "एका सभासदले एका टाइमले एकच भेटी, आबा," ती म्हणाली. "आठ दिनमा परत आना, मंग दुसरं ल्या."

हा नियम रतिलालनेच स्वतःच्या हाताने पाटीवर लिहून वाचनालयाच्या भिंतीला टांगला होता. पोरीने तो सासरी नेला होता, आंदणाच्या यादीत नसलेला.

त्या दिवसापासून वाचनालयाचा ग्रंथपाल दर आठवड्याला स्वतःच्याच वाचनालयाचे पुस्तक उसने आणू लागला आणि मुदतीत परत करू लागला. त्याच्यासारखा नेमाचा सभासद त्याने स्वतः कधी पाहिला नव्हता. दर वेळी तासभर ओसरीवर बसायचे, कमलचे वाचन ऐकायचे, तहानेने जीभ टाळ्याला चिकटवायची आणि परत यायचे. तिला "सुखी आहेस ना?" असे विचारता येत नसे. पण ती कशी वाचते यावरून त्याला ते कळे.

घोटाळा झाला तो दुसऱ्या भागाने. शेठजींना गप्प करायला रतिलालने तो आणला आणि आठ दिवसांनी परत मागितला.

"कोनी मारं ते अजून समजनं नही!" शेठजी ओरडले. "मी अध्यक्ष शे. मले कसानी मुदत?"

"नियम शे, शेठ. परत देनं पडी."

"कोनले?"

रतिलालला खोटे सुचेना. नंदुरबार झाले होते, धुळे झाले होते. त्याने सगळे सांगून टाकले. शेठजींनी पुस्तकात बोट घालून ऐकून घेतले, आता सगळीच परत येतील म्हणून ते रतिलालपुढे आपटले आणि दुसऱ्याच दिवशी आपला गाडीवान भीमसिंग बैलगाडीसह रतिलालबरोबर ब्राह्मणपुरीला धाडला. सगळी पुस्तके घेऊन ये, नाहीतर वाचनालयाची किल्ली ठेव, असा निरोप होता.

गाडी दारात उभी राहिली. भीमसिंगने निरोप सांगितला, तो ऐकून अनुसयाबाईंचा चेहरा उतरला.

"पुस्तकं वाचनालयना व्हतात तं सांगं काब नही? मले वाटनं, तुम्हीच पोरले दिधात. आते सर्वा भरी ल्या. पराया माल मन्हा घरमा नको."

तापीबाई हळूच सरकून एका पुस्तकावर बसली. भीमसिंगने टेबल उचलून गाडीत ठेवले आणि पुस्तकांसाठी हात पुढे केले. रतिलालने कमलकडे पाहिले. ती पुस्तके एकेक करून पुसत होती, लहानपणी पुसायची तशीच. पुस्तके गेली की आपल्याला इथे यायला कारण उरणार नाही, हे त्याला कळत होते. तिलाही कळत होते. किल्ली जावो, पण एवढे जायला नको, असे त्याला वाटले.

"थांब, भीमसिंग," तो म्हणाला. "एका सभासदले एका टाइमले एकच. नियम मन्हाच शे. टेबल ली जाय."

"आनि शेठले काय सांगू?"

"सांग, ब्राह्मणपुरीमा वाचनालयनी शाखा शे. तठे वाचनारा जास्त शेतस. आनि खुनी कोन ते शेठले जानाना व्हई, तं किल्ली मन्हाकडेच ऱ्हाऊ द्या म्हन. मी वाचेल शे."

भीमसिंग टेबल घेऊन गेला. कमरेवर हात ठेवून अनुसयाबाईंनी विचारले, "म्हंजे हाई ओसरी आते आमनी नही? वाचनालयनी?"

"पुस्तकं शेतस तवलोंग," रतिलाल भीत भीत म्हणाला.

"मंग आठलं पानी पोरीना घरनं नही. वाचनालयनं शे." त्यांनी आत वळून हाक मारली, "कमल, पानी आन!"

कमलने पेला आणला. रतिलालने तो दोन्ही हातांनी धरला, एका दमात रिकामा केला आणि उपरण्याने तोंड पुसता पुसता डोळेही पुसले. मग पेला पुन्हा पुढे केला.

"एका सभासदले एका टाइमले एकच, आबा," कमल म्हणाली, आणि पेला काठोकाठ भरला.