मुखवटेवाला आईकडे परत गेला

समीक्षकांना रक्त बघवत नसे, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. कार्यालयात मात्र ‘तळघर’ या भयपटाचे सगळे भाग आपल्याला तोंडपाठ आहेत, असा ढोल त्यांनी स्वतःच बडवून ठेवला होता. खरं तर कॉलेजात असताना त्यांनी पहिला भाग मध्यंतरापर्यंत पाहिला होता, तोही मित्राच्या पाठीआडून. आता नववा भाग येणार म्हटल्यावर संपादकांनी हुकूम सोडला, की आधीचे सगळे पुन्हा बघा आणि रविवारी पानभर लेख द्या. आपणही ‘तळघर’चे जुने भक्त आहोत, लेख स्वतः तपासू, असंही त्यांनी बजावलं.

बायको कामावर गेल्यावर समीक्षकांनी भर उजेडात दिवे लावले, उशी घेतली आणि दुसरा भाग सुरू केला. पडद्यावरचा मुखवटेवाला जिना चढू लागताच उशी तोंडावर गेली. मुक्कामाला आलेल्या सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. जावयाचा पांढराफटक चेहरा बघून त्यांनी मटार बाजूला ठेवले.

"तुम्ही डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मी सांगते तसं लिहा."

आंधळा मागतो एक डोळा, तर इथे दोन मिळाले. किंकाळी आली, की समीक्षक उशीआडून विचारत, "मारलं का हो, आई?"

"छे, पाय घसरला तिचा. तो हात देतोय."

करवत घरघरली, तेव्हा तो बाग नीट करत होता. आठव्या भागाच्या शेवटी तर तो सगळ्यांची माफी मागून आईकडे परत गेला. समीक्षकांना भरून आलं. एका भल्या माणसाला आपण उगीच भ्यायलो, असं वाटून त्यांनी मनापासून लेख लिहिला. संपादकांनीही तो वाचून मान डोलावली आणि एक अक्षर न बदलता छापायला दिला.

रविवारी उजाडल्यापासून फोन सुरू झाले. पाचव्या भागात अख्ख्या वसतिगृहाचा फडशा पाडणारा माणूस तिथे ‘निरोप द्यायला’ गेला होता का, असं एका वाचकाने विचारलं. समीक्षकांनी फोन ठेवला. ते तसेच स्वयंपाकघरात गेले.

"आई, तो माणसं मारत होता?"

"एकूण एक," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्हाला काही झालं असतं, तर लेकीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

पाठोपाठ संपादकांचा फोन आला. वर्तमानपत्राचे मालक भडकले होते. उद्या दुपारी नववा भाग संपादक आणि समीक्षक दोघांनी शेजारी बसून बघायचा, आणि पुन्हा चूक झाली तर नोकरी विसरायची, असं मालकांनी सुनावलं होतं.

समीक्षक चित्रपटगृहात जाऊन संपादकांशेजारी बसले. अंधार झाला, सुरी चमकली आणि काही केल्या डोळे उघडे राहीनात. नोकरी गेली, हे त्यांना कळून चुकलं. पडद्यावर किंकाळी फुटली आणि त्याच क्षणी कुणीतरी त्यांचा दंड घट्ट पकडला.

"मारलं का हो त्याने?" संपादक पुटपुटले.

समीक्षकांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. साहेबांनी दोन्ही डोळे गच्च मिटले होते. लेख एक अक्षर न बदलता कसा छापला गेला, ते समीक्षकांना आत्ता उमगलं. त्यांनी आपला डोळा पुन्हा मिटून घेतला.

"छे, साहेब," ते मायेने म्हणाले, "पाय घसरला तिचा. तो हात देतोय."